महासाथीच्या काळात जुनाट फुप्फुसविकाराच्या मुलांची परिचर्या

रुग्णालयातून घरी जाणारे प्रत्येक मूल बरे होऊनच जाते असे नाही. न्यूमोनियाने आजारी पडलेले मूल आठदहा दिवसांत ताजेतवाने होऊन घरी जाते आणि कालांतराने परिचारिकेला त्याचे नावही आठवत नाही. परंतु बालरुग्णविभागाच्या नोंदवहीत काही नावे पुनःपुन्हा येत असतात. त्यांत दम्याची मुले संख्येने सर्वांत अधिक. त्यांच्यामागोमाग येतात ती गोवर, डांग्या खोकला, क्षय अथवा एखादा तीव्र विषाणुसंसर्ग होऊन गेल्यावर ज्यांच्या श्वासनलिका कायमच्या विस्फारलेल्या किंवा आकसलेल्या राहिल्या अशी मुले. अपुऱ्या दिवसांची जन्मलेली आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या आधाराने वाचलेली काही बाळे पुढे महिनोन्‌महिने प्राणवायूवर अवलंबून राहतात. या विकाराचे वर्णन विल्यम नॉर्थवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली प्रथम केले. शिवाय सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक रोग आहे. त्यात कफ डिंकासारखा चिकट होतो. हा रोग भारतीय मुलांत होतच नाही अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती; ती आता खोटी ठरली आहे.

अशा मुलाचा उपचार म्हणजे एखादी शस्त्रक्रिया किंवा औषधाचा एखादा क्रम नव्हे. तो दिनक्रमच असतो. सकाळी व रात्री औषधाचे फवारे, दिवसातून एकदोनदा छातीतील कफ मोकळा करणे, पोटभर व सकस अन्न, वेळोवेळी वजन, नियमित तपासणी आणि प्रकृती बिघडू लागल्यास ते वेळीच ओळखणे. यांपैकी बहुतेक सर्व कामे घरी आई किंवा आजी करते. परिचारिकेचा वाटा शिकविण्याचा, तपासून पाहण्याचा आणि धीर देण्याचा. हे सर्व एका घडीव लयीत चाललेले असताना २०२० साली जगावर महासाथ आली, आणि ती लय मोडली.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे म्हटले. भारतात २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. त्या दिवसापासून जुनाट रोगाच्या मुलाच्या आईवडिलांना परस्परविरोधी दोन आज्ञा पाळाव्या लागल्या. रुग्णालयाजवळ फिरकू नका, ही पहिली. मुलाचा उपचार खंडित होऊ देऊ नका, ही दुसरी. बाह्यरुग्णविभाग बंद किंवा अर्धवट चालू, वाहने बंद, औषधांचे दुकान दूर. योगायोगाने त्याच २५ मार्च रोजी भारत सरकारने दूरध्वनी व तत्सम साधनांद्वारे वैद्यकीय सल्ला देण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. जुनाट फुप्फुसविकाराच्या मुलांना या तरतुदीचा जेवढा उपयोग होता, तेवढा क्वचितच कोणाला असेल. तथापि दूरध्वनीवर स्टेथोस्कोप ठेवता येत नाही. मुलाकडे पाहण्याचे काम आईच्या डोळ्यांनी करावे लागते, आणि ते डोळे तयार करणे हेच त्या काळातील परिचर्येचे मुख्य कार्य होते.

भीतीचे योग्य मोजमाप

नवा रोग श्वसनमार्गाचा. तेव्हा ज्यांची फुप्फुसे आधीच दुबळी, त्यांना तो सर्वाधिक ग्रासणार, हे अनुमान स्वाभाविक होते. मार्च २०२० मध्ये इंग्लंडमध्ये तीव्र दमा, सिस्टिक फायब्रोसिस व तत्सम विकार असलेल्यांना घराबाहेर पाऊलही न टाकण्याचा सल्ला देण्यात आला. त्यांत मुलेही होती. काही महिन्यांतच बालरोगतज्ज्ञांच्या ध्यानात आले की, मुलांच्या बाबतीत ही सावधगिरी बहुतांशी अनावश्यक होती, आणि त्यांतील बहुसंख्य मुलांना या बंधनातून मोकळे करता येईल असे त्यांनी सुचविले. त्या पहिल्या सल्ल्याला दोष देण्याचे कारण नाही. अज्ञात रोगापुढे अधिक सावध राहणे यात गैर काही नसते. माहिती हाती आल्यावर सल्ला बदलला, हे महत्त्वाचे.

स्कॉटलंडमध्ये शाळकरी वयाच्या मुलांच्या नोंदींचा जो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यातून एक उपयुक्त गोष्ट पुढे आली. ज्या मुलांचा दमा आटोक्यात नव्हता, म्हणजे ज्यांना नजीकच्या काळात दम्यासाठी रुग्णालयात ठेवावे लागले होते किंवा तोंडावाटे स्टेरॉइडचे दोन वा अधिक क्रम द्यावे लागले होते, त्यांना कोविडमुळे रुग्णालयात जावे लागण्याचा धोका स्पष्टपणे अधिक होता. याचा परिचर्येच्या दृष्टीने अर्थ उघड आहे. मुलाला विषाणूपासून दूर ठेवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याचा मूळ रोग आटोक्यात ठेवणे मोलाचे आहे.

आणि नेमकी येथेच चूक होत होती. दम्याच्या मुलांना रोज घ्यावयाच्या फवाऱ्यात अल्प मात्रेत स्टेरॉइड असते. ते श्वासनलिकांची सूज उतरविते. मात्र त्याने लगेच दम कमी झाल्याचे जाणवत नाही. स्टेरॉइडने रोगप्रतिकारशक्ती घटते, असे कानांवर पडल्याने कित्येक कुटुंबांनी हा फवारा आपल्या मनाने बंद केला असता तर नवल नव्हते. दम्याविषयी मार्गदर्शन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळांनी २०२० मध्येच स्पष्ट सांगितले की, हे औषध थांबवू नये. परिचारिकेने घरी दूरध्वनी केला तर पहिला प्रश्न तापाविषयी न विचारता या फवाऱ्याविषयी विचारावा, असे माझे मत आहे. "औषध चालू आहे का?" असे विचारल्यास उत्तर बहुधा "हो" असेच येते. "काल रात्री किती फवारे दिले, डबी कधी आणली?" असे विचारले म्हणजे खरी स्थिती कळते.

नेब्युलायझरऐवजी स्पेसर

आपल्या देशात दम लागलेल्या मुलाला "वाफ द्यावी" असा सार्वत्रिक समज आहे, आणि वाफ म्हणजे नेब्युलायझर. या यंत्रात औषधाच्या द्रावणाचे सूक्ष्म तुषार तयार होतात आणि मूल ते आठदहा मिनिटे मुखवट्यातून ओढते. त्यांतील बराच भाग मुखवट्याच्या कडेने खोलीत पसरतो, आणि त्यातच मूल खोकते. या तुषारांबरोबर विषाणूही पसरतो की काय, याविषयी तज्ज्ञांत एकमत नव्हते. ब्रिटनमधील आरोग्ययंत्रणेने नेब्युलायझरला धोकादायक क्रियांच्या यादीत घातले नाही. उलट इतर अनेक मार्गदर्शकांनी शक्य तेथे तो टाळावा असे सांगितले. दाटीवाटीच्या वॉर्डमध्ये काम करणाऱ्या परिचारिकेने वादाचा निकाल लागेपर्यंत वाट पाहावी, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होते.

सुदैवाने येथे सुरक्षित मार्ग आणि उत्तम मार्ग एकच होता. साधा इन्हेलर आणि त्याला जोडलेला स्पेसर, म्हणजे पोकळ नळकांडे, यांतून दिलेले औषध मुलांच्या दम्याच्या बहुतेक झटक्यांत नेब्युलायझरइतकेच गुणकारी असते, हे महासाथीच्या कितीतरी आधी सिद्ध झाले होते. शिवाय नाडी कमी वाढते आणि तातडीच्या विभागात मुलाला थोडा वेळ थांबावे लागते. असे असूनही यंत्राचा आवाज आणि धूर पाहिल्याखेरीज पालकांचे समाधान होत नसे. डॉक्टरांचेही होत नसे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. जे काम वर्षानुवर्षांच्या उपदेशाने झाले नाही, ते भीतीने काही आठवड्यांत केले.

स्पेसर महाग पडत असेल तर काय करावे, या प्रश्नाचे उत्तर दक्षिण आफ्रिकेत मिळाले होते. केप टाउनच्या बालरुग्णालयातील डॉ. हेदर झार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दम्याच्या झटक्यातील मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली घेऊन तिच्या तळाला इन्हेलरचे तोंड घट्ट बसेल एवढे भोक पाडले आणि फट बुजविली, तर ती बाटली विकतच्या स्पेसरइतकेच काम देते, असे त्यांना आढळले. फट न बुजविलेली बाटली मध्यम प्रतीची ठरली आणि थर्मोकोलचा पेला सर्वांत निकृष्ट. म्हणजे बाटली कोणतीही चालते, परंतु फट चालत नाही. एवढा एक धडा आईला समजावून दिला म्हणजे पुरे.

स्पेसर वापरण्याची रीत सोपी आहे, पण ती दाखवून द्यावी लागते. इन्हेलर हलवावा. मूल बसलेले असावे. लहान मुलास मुखवटा नाकातोंडावर नीट टेकवावा, मोठ्याने नळी ओठांत धरावी. एक फवारा सोडावा आणि मुलाने पाचसहा वेळा नेहमीसारखा श्वास घ्यावा. मग पुन्हा हलवून दुसरा फवारा. दोन फवारे एकदम सोडू नयेत. औषध भिंतींना चिकटून वाया जाते. स्टेरॉइडच्या फवाऱ्यानंतर चूळ भरावी आणि मुखवटा वापरला असल्यास चेहरा पुसावा. प्लॅस्टिकवर स्थिर विद्युतभार असतो व तो औषधाचे कण ओढून घेतो. यास्तव नवा स्पेसर साबणाच्या पाण्याने धुऊन, न पुसता, तसाच वाळवावा. फडक्याने लखलखीत पुसलेला स्पेसर गृहिणीच्या दृष्टीने स्वच्छ असतो, पण औषध मुलापर्यंत कमी पोहोचते. महासाथीत आणखी एक नियम आला: एका मुलाचा स्पेसर दुसऱ्याने वापरावयाचा नाही, वॉर्डमध्येही नाही आणि घरात भावंडांतही नाही.

काही मुलांना नेब्युलायझर अटळ असतो. प्राणांतिक झटका आला असता प्राणवायूबरोबर औषध द्यावे लागते. सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांना तीव्र मिठाचे पाणी किंवा प्रतिजैविक याच मार्गाने मिळते. तेव्हा घरी खिडकी उघडी ठेवून, शक्य तर वेगळ्या खोलीत, एकाच मोठ्या माणसाने जवळ थांबावे आणि उपचार संपल्यावर काही वेळ खोली तशीच मोकळी ठेवावी.

कफ काढणे थांबवू नये

कफ काढण्याच्या व्यायामाची अडचण याहून बिकट होती. श्वासनलिका विस्फारलेल्या मुलाच्या छातीत कफ साचून राहतो, तेथे जंतू वाढतात आणि नलिकांची भिंत आणखी झिजते. म्हणून मुलाने मुद्दाम खोकावे, कफ बाहेर टाकावा, हाच उपचार. आणि महासाथीत तर खोकला हाच सर्वांचा शत्रू ठरलेला. भौतिकोपचार विभाग बंद, शेजारी घाबरलेले, एका खोलीत सहासात माणसे. अशा स्थितीत आईने मुलाचा खोकला दाबण्याचा प्रयत्न केला तर तिला दोष कसा द्यावा? परंतु चारसहा आठवडे कफ साचला तर फुप्फुसाची जी हानी होते, ती सर्वस्वी भरून येईलच असे नाही.

येथे परिचारिकेला वेळ, जागा आणि साधन या तिन्हींची नवी मांडणी करून द्यावी लागली. घरातील इतर माणसे बाहेर असतील अशी वेळ निवडावी. जागा ओसरीची, गच्चीची किंवा उघड्या खिडकीजवळची असावी. आईने मुलाच्या समोर न बसता पाठीमागे किंवा बाजूला बसावे. कफ कागदात वा झाकणाच्या भांड्यात घ्यावा, त्याची नीट विल्हेवाट लावावी आणि हात साबणाने धुवावेत. पाठीवर थापटण्याऐवजी मुलाने स्वतः करावयाच्या रीतींवर भर द्यावा. आरशावर वाफ धरण्यासाठी आपण तोंड उघडून जसा "हाऽ" असा उच्छ्वास सोडतो, तसा जोराने सोडल्यास कफ वर सरकतो आणि थोडक्याच खोकल्यात बाहेर पडतो. लहान मुलांसाठी बुडबुड्यांची बाटली उत्तम. बाटलीत सुमारे दहा सेंटिमीटर पाणी भरून त्यात नळी सोडावी आणि मुलाने तीतून सावकाश, लांब फुंकर घालून बुडबुडे काढावेत. पाण्याच्या दाबामुळे श्वासनलिका उघड्या राहतात आणि मुलाला खेळ खेळल्याचे समाधान मिळते. पाणी रोज बदलावे, बाटली धुवावी, आणि मूल पाणी ओढून पीत नाही याकडे लक्ष ठेवावे.

एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. मुखपट्टी, हातांची स्वच्छता आणि दोन माणसांतील अंतर या गोष्टी बाकीच्या जगाने २०२० साली शिकल्या. सिस्टिक फायब्रोसिसच्या कुटुंबांना त्या जुन्या होत्या. या मुलांच्या फुप्फुसांतील काही चिवट जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात, हे ध्यानात आल्यावर १९९० च्या दशकात त्यांची एकत्र शिबिरे बंद करण्यात आली. अमेरिकेतील त्यांच्या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शनात दोन रुग्णांमध्ये किमान सहा फूट अंतर ठेवण्यास सांगितले होते. ज्यांना समवयस्क रुग्णमित्राजवळ बसण्याचीही मुभा नव्हती, त्या मुलांना अंतर पाळण्याचे दुःख आणि कौशल्य दोन्ही ठाऊक होते. शिकविणाऱ्याने कधीकधी शिकूनही घ्यावे, त्याचे हे उदाहरण.

मुलाची नेहमीची स्थिती

महासाथीतील सर्व नियमावल्या सर्वसाधारण रुग्णासाठी लिहिलेल्या होत्या. खोकला, धाप, प्राणवायूचे प्रमाण कमी. ही लक्षणे दिसली की चाचणी करा, रुग्णालयात या. परंतु ज्या मुलाला रोजच खोकला असतो, जिना चढताना रोजच धाप लागते, त्याने काय करावे? या मुलांच्या परिचर्येत खरा बदल येथे करावा लागला.

भारतात जून २०२१ मध्ये मुलांच्या कोविडविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध झाले, त्यात रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९४ टक्के वा अधिक असल्यास सौम्य, ९० ते ९३ असल्यास मध्यम आणि ९० च्या खाली गेल्यास तीव्र, अशी वर्गवारी होती. बारा वर्षांवरील मुलाला सहा मिनिटे चालावयास लावून प्रमाण घटते का ते पाहावे, अशीही सूचना होती. मात्र दमा आटोक्यात नसलेल्या मुलाची ही चाचणी घेऊ नये, असे त्यात आवर्जून म्हटले होते. हा अपवाद वाचण्याची तसदी किती जणांनी घेतली असेल, याची मला शंका आहे. आता एखाद्या मुलाचे नेहमीचे प्रमाणच ९२ असेल, तर वर्गवारीनुसार ते सदैव "मध्यम" आजारी ठरते आणि आई रोज घाबरते. उलट ज्याचे नेहमीचे ९८ आहे, त्याचे ९४ झाले तर नियमावली त्याला सौम्य म्हणेल, पण जाणत्या परिचारिकेला त्यात धोक्याची खूण दिसेल.

म्हणून प्रत्येक मुलासाठी एक कागद असावा. त्यावर मूल बरे असतानाची स्थिती लिहावी: शांत झोपेत मिनिटाला किती श्वास, प्राणवायूचे प्रमाण किती, कफाचा रंग व प्रमाण, रात्री किती वेळा उठते, किती खाते, किती खेळते. पुढील प्रत्येक दूरध्वनीवर तुलना या कागदाशी करावयाची. श्वास मोजण्यासाठी यंत्र लागत नाही. घड्याळ आणि शांत झोपलेले किंवा स्वस्थ बसलेले मूल एवढे पुरे. पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळात ६० वा अधिक, पुढे एक वर्षापर्यंत ५० वा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक श्वास म्हणजे वेग वाढलेला, हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे. जुनाट विकाराच्या मुलाचा वेग मुळातच या मर्यादेजवळ असू शकतो. तेव्हा त्याच्या कागदावरील आकडाच खरा मापदंड.

ऑक्सिमीटर हे छोटेसे यंत्र या काळात घरोघरी पोहोचले. ज्या तत्त्वावर ते चालते, त्याचा शोध जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास लावला. एप्रिल २०२० मध्ये, अवघे जग त्यांच्या यंत्राच्या आकड्याकडे डोळे लावून बसले असताना, ते वारले. या यंत्रालाही मर्यादा आहेत. बोट गार असले, मूल हलत असले, नखांवर मेंदी वा रंग असला तर आकडा चुकतो. अमेरिकेत मोठ्या माणसांवर झालेल्या व डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असेही दिसले की, गडद वर्णाच्या रुग्णांत हे यंत्र प्राणवायूची कमतरता अधिक वेळा लपविते. भारतीय परिचारिकेने हे विसरू नये.

दूरध्वनीवरील संभाषण कसे असावे, याचा एक नमुना पाहू.

"सिस्टर, बाळाचा आकडा आज अठ्ठ्याऐंशी दाखवतोय. मी काय करू?"

"ताई, आधी बाळ कसे आहे ते सांगा. दूध पिते आहे का?"

"पिते आहे. आत्ताच प्यायली."

"ओठ कसे दिसतात? छाती आत ओढली जाते का? फ्रॉक वर करून बघा."

"ओठ नेहमीसारखेच आहेत. छाती... नाही, रोजच्यासारखीच."

"पाय गार आहेत का? मोजा घाला, पाय चोळून ऊब आणा, आणि पाच मिनिटांनी पायाच्या अंगठ्याला पुन्हा लावा. मी फोन ठेवत नाही."

पाच मिनिटांनी आकडा ९४ आला. येथे परिचारिकेने यंत्राआधी मुलाकडे पाहावयास लावले, आणि फोन खाली ठेवला नाही. या दोन गोष्टींचे महत्त्व सारखेच आहे. याउलट मूल काही पीत नसेल, ओठ निळसर असतील, प्रत्येक श्वासाला कण्हत असेल, छाती खोल ओढली जात असेल किंवा सुस्त पडून असेल, तर आकड्याची वाट न पाहता, महासाथ असो वा नसो, त्याला रुग्णालयात आणले पाहिजे. हे वाक्य त्या कागदावर मोठ्या अक्षरांत, घरातील भाषेत लिहावे.

घरातील प्राणवायू

घरी प्राणवायूवर असलेल्या बाळांची कसोटी एप्रिल व मे २०२१ मध्ये लागली. दुसऱ्या लाटेत देशाच्या अनेक भागांत प्राणवायूचा तुटवडा पडला, आणि मिनिटाला जेमतेम अर्धा लिटर लागणारे बाळही मोठ्या माणसांच्या त्याच रांगेत उभे राहिले. अशा वेळी साधा हिशेब आईला करता येणे उपयोगी पडते. दीड हजार लिटर वायू मावणारी टाकी मिनिटाला अर्धा लिटर या गतीने तीन हजार मिनिटे, म्हणजे ५० तास पुरते. गती दुप्पट केली की २५ तास. प्रवाहमापक बारीक आकड्यांचा असेल तरच बाळाला नेमके तेवढेच देता येते. मोठ्यांच्या मापकावर अंदाजाने सोडलेला वायू वाया जातो. विजेवर चालणारे यंत्र असल्यास वीज गेल्यावर लागणारी भरलेली टाकी जवळ असलीच पाहिजे. चूल, निरांजन, उदबत्ती आणि विडी यांपासून नळी दूर ठेवण्याविषयी तर वारंवार बजावावे लागते, कारण देवापुढचा दिवा कोणालाच आग वाटत नाही.

घरातील हवेविषयी येथेच सांगितलेले बरे. टाळेबंदीत मुले शाळेतून सुटली, पण स्वयंपाकघराच्या धुरात दिवसभर कोंडली गेली. डासांची कॉइल, धूप आणि घरीच अडकलेल्या वडिलांची सिगारेट यांनी दम्याच्या मुलाचे जे नुकसान होते, ते सर्वांना परिचित आहे. त्यात भर पडली पातेल्यातील उकळत्या पाण्याची वाफ घेण्याची. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयातून २०२० मध्ये कळविण्यात आले की, वाफेच्या पाण्याने भाजलेल्या मुलांची संख्या एकाएकी कितीतरी पटींनी वाढली आहे. आपल्याकडे ही प्रथा त्याहून अधिक प्रचलित आहे. या वाफेने विषाणू मरत नाही आणि दमाही कमी होत नाही. पातेले मात्र कलंडते.

वॉर्डमधील आई

मुलाला वॉर्डमध्ये ठेवावेच लागले तर? युरोपातील रुग्णालयांत एकेकाळी मुलांना आईवडिलांपासून तोडून ठेवीत. जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या पडलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर १९५२ साली चित्रपट काढला, आणि १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने इंग्लंडमध्ये आईला मुलाजवळ येऊ द्यावे अशी शिफारस केली. महासाथीच्या नियमांनी हे घड्याळ काही अंशी मागे फिरविले: एकच पालक, अदलाबदल नाही, भावंडांना बंदी. भारतीय वॉर्डमध्ये आई खाटेच्या कडेला नेहमीच असते. ती मुलाला भरविते, स्वच्छ करते, रात्री जागते, आणि परिचारिकांची संख्या अपुरी असल्याने अर्धी परिचर्या तीच करते. तिला बाहेर काढणे म्हणजे वॉर्डमधील एक अनुभवी हात कमी करणे होय. म्हणून तिला मुखपट्टी देऊन, तिच्या जेवणाची व विश्रांतीची सोय करून आत ठेवणे, हाच शहाणपणाचा मार्ग होता. आई स्वतः बाधित असली तरी तान्हे मूल तिच्यापासून तोडू नये आणि अंगावरचे दूध चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितले.

संरक्षक पोशाखातील परिचारिकेचे फक्त डोळे दिसतात. जुनाट आजाराच्या मुलाला वॉर्डमधील चेहरे ओळखीचे असतात. ते एका रात्रीत नाहीसे झाले. मेरी बेथ हेफर्नन या अमेरिकन कलावतीने २०१५ साली लायबेरियात इबोलाच्या साथीत कर्मचाऱ्यांची हसरी छायाचित्रे त्यांच्या पोशाखावर चिकटविण्याचा उपक्रम केला होता. २०२० मध्ये काही रुग्णालयांनी तो पुन्हा उचलला. एवढेही जमत नसेल तर काचेपलीकडून आधी मुखपट्टीशिवाय चेहरा दाखवावा, मग मुलाच्या देखतच ती बांधावी. मुलांना स्वतःला मुखपट्टी बांधण्याविषयी भारतीय मार्गदर्शन स्पष्ट होते: पाच वर्षांपर्यंत नको, सहा ते अकरा वर्षे मुलाच्या क्षमतेनुसार व पालकांच्या देखरेखीखाली. धाप लागलेल्या मुलावर ती कधीच लादू नये.

खोकणारे मूल आणि विसरलेले रोग

एकाच रोगाकडे सर्वांचे लक्ष लागले की बाकीचे रोग नजरेआड होतात. भारतात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८ लाखांच्या आसपास आली. क्षय कमी झाला नव्हता, शोध कमी झाला होता. दोन आठवड्यांहून अधिक खोकणाऱ्या व वजन घटलेल्या मुलाची कोविड चाचणी निर्दोष आली म्हणजे काम संपत नाही. तेथे क्षयाची तपासणी सुरू होते. लसीकरणाचेही तसेच झाले. जगभरात २०२० साली सुमारे २ कोटी ३० लाख बालके मूलभूत लसींना अंशतः वा पूर्णतः मुकली, असा जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचा अंदाज होता. मुंबईत २०२२ च्या अखेरीस गोवराची साथ पसरली आणि काही बालके दगावली. गोवरातून वाचलेल्या काही मुलांची फुप्फुसे कायमची दुखावतात, म्हणजे आज चुकलेली लस उद्याचा जुनाट रोगी निर्माण करते. ज्यांची फुप्फुसे आधीच दुबळी आहेत, त्यांना गोवर, न्यूमोकोकस आणि दरवर्षीची इन्फ्लुएन्झाची लस वेळेवर मिळते की नाही, हे परिचारिकेने कार्ड मागवून स्वतः पाहावे.

शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा आणखी एक अडचण उभी राहिली. वर्गात खोकणाऱ्या मुलाभोवतीची बाके रिकामी होऊ लागली. दम्याच्या किंवा विस्फारलेल्या श्वासनलिकांच्या मुलाने खोकला दाबावा, डबा एकट्याने खावा आणि फवारा दप्तरात लपवावा, अशी वेळ आली. अशा मुलाबरोबर शिक्षकांच्या नावे एक चिठ्ठी पाठविण्याची पद्धत काही परिचारिकांनी ठेवली. तीत चारच ओळी असत: या मुलाचा खोकला जुना आहे व तो संसर्गजन्य नाही, त्याचा फवारा त्याच्याजवळच असू द्यावा, दम लागल्यास त्याला बसते करून, स्पेसर लावून, ठरवून दिलेले फवारे द्यावेत, आणि ताप आला किंवा खोकला नेहमीपेक्षा वेगळा वाटला, तर आईला या क्रमांकावर कळवावे.